नमुना पत्र: राजीनाम्यातलं कापा, मदतीच्या अर्जात भरा

राजीनाम्याचा नमुना आणि आर्थिक अडचणीत सवलत मागण्याच्या अर्जाचा नमुना बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, एकाखाली एक सापडतात. दिसायलाही सारखेच: तारीख, प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. त्यामुळे दोन्ही एकाच पद्धतीने वापरले जातात. नाव बदललं, तारीख बदलली, दिलं पाठवून. पण या दोन कागदांची कामं अगदी उलटी आहेत. राजीनामा म्हणजे कळवणं. त्यात समोरच्याला पटवून देण्यासारखं काही नसतं. मदतीचा अर्ज म्हणजे मागणं, आणि तिथे टेबलापलीकडचा माणूस आकडे बघून हो-नाही ठरवतो. म्हणून राजीनाम्याचा नमुना जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा लांब असतो आणि मदतीच्या अर्जाचा नमुना गरजेपेक्षा पोकळ. पहिल्यातलं कापायचं, दुसऱ्यात भरायचं.

आधी राजीनामा, कारण तो लवकर आटपतो. त्याला लागतं काय? पद आणि कर्मचारी क्रमांक, राजीनामा देत असल्याचं एक सरळ वाक्य, कामाचा शेवटचा दिवस, काम सोपवण्याची तयारी आणि पोच मागणं. एवढं असलं की पत्र पूर्ण झालं:

«मी …… विभागातील …… या पदाचा (कर्मचारी क्रमांक ……) राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रानुसार माझा नोटीस कालावधी ३० दिवसांचा असून १४ एप्रिल हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. तोपर्यंत माझ्याकडील कामे …… यांच्याकडे सोपवण्याची तयारी आहे. या पत्राची पोच आणि शेवटच्या दिवसाची लेखी पुष्टी मिळावी, ही विनंती.»

यात तारीख स्पष्ट लिहिली आहे, ती मुद्दाम. नमुन्यांमध्ये सहसा «नियमानुसार नोटीस कालावधी पूर्ण करून» असं मोघम वाक्य असतं आणि भांडण तिथूनच सुरू होतं. समजा पत्र १५ मार्चला दिलं आणि नोटीस ३० दिवसांची आहे. १५ मार्च हाच पहिला दिवस धरला तर तिसावा दिवस १३ एप्रिलला येतो. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर १४ एप्रिल. नियुक्तीपत्रात «३० दिवस» नसून «एक महिना» लिहिलं असेल तर १५ एप्रिलपर्यंत ओढता येतं. एकाच पत्राच्या तीन तारखा! नवीन ठिकाणी १४ तारखेला रुजू व्हायचं कबूल केलं असेल तर हा एक-दोन दिवसांचा फरक महागात पडतो. म्हणून नियुक्तीपत्र आधी काढून वाचायचं, दिवस मोजायचे आणि येईल ती तारीख पत्रात घालायची. चूक असेल तर ते कळवतील, आणि ते लेखी येईल. शिवाय नोटीस धरली जाते ती पत्र त्यांच्या हातात पडल्यापासून, पत्रावर घातलेल्या तारखेपासून नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी उशिरा पाठवलेली मेल सोमवारी मिळाली असं कोणी म्हटलं, तर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. नोटीस काळात रजा घेतली तर काही ठिकाणी तेवढे दिवस पुढे ढकलतात, तेही त्याच कागदावर बघून घ्यावं.

नमुन्यातली दोन वाक्यं तपासल्याशिवाय राहू देऊ नका. एक, «राजीनामा देण्याची इच्छा आहे» किंवा «देण्याचा विचार करीत आहे». ही नोटीस होत नाही, हा नुसता मनोदय झाला. महिनाभराने «तुमचा राजीनामा आमच्याकडे आलेलाच नाही» असं ऐकायला मिळू शकतं. दोन, «तात्काळ प्रभावाने». परक्या नमुन्यातून जसंच्या तसं उचललेलं हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्याचा अर्थ मी नोटीस न देता आजच निघालो असा होतो, आणि बऱ्याच करारांत त्याबदल्यात नोटीसचा पगार कापून घेण्याची सोय असते. खाली नोटीस पूर्ण करण्याचं वाक्य आणि वर हे, अशी दोन्ही असलेली पत्रंही बघायला मिळतात. दोन नमुने जोडले की असं होतं.

कारण लिहायचं का? साधारणपणे «वैयक्तिक कारणास्तव» एवढं पुरतं, आणि तेही नसलं तरी चालतं. नव्या कंपनीचं नाव, नवा पगार, साहेबांचा स्वभाव, यातलं काहीही पत्रात नको. तक्रार असेल तर ती स्वतंत्र कागदावर, स्वतंत्र तारखेने. राजीनाम्यात मिसळलेली तक्रार धड तक्रार म्हणून नोंदली जात नाही आणि राजीनामाही कडवट होतो.

याला एक अपवाद आहे आणि तो नमुन्यात कधीच सापडत नाही. पगार थकवला म्हणून, छळ झाला म्हणून किंवा «राजीनामा द्या नाहीतर काढून टाकू» असं सांगितलं म्हणून तुम्ही जात असाल, तर «वैयक्तिक कारणास्तव» हे तीन मिनिटांत उतरवलेलं वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जाईल. «वैयक्तिक कारण आहे असं तुम्हीच लिहून दिलंत ना?» अशा वेळी सही करण्याआधी वकिलाशी, कामगार संघटनेशी किंवा कामगार कायदा जाणणाऱ्या कोणाशी तरी बोलावं. आणि समोर छापील राजीनामा ठेवून «इथे सही करा» म्हणत असतील तर घरी नेऊन वाचतो म्हणून सांगायचं.

आभाराचं वाक्य ठेवायचं असेल तर एकच ठेवा, आणि ते खरं असू द्या. «या संस्थेने मला जे अमूल्य ज्ञान, अनुभव व संस्कार दिले…» हा परिच्छेद सगळ्यांनी इतक्या वेळा वाचलेला असतो की नजर त्यावरून घसरते. «हिशेब विभागातलं काम मला मुळापासून शिकायला मिळालं, त्याबद्दल आभारी आहे» एवढं लक्षात राहतं.

पाठवण्याचा क्रमही ठरलेला असू द्या. नवं नियुक्तीपत्र सहीसह हातात आल्याशिवाय जुना राजीनामा द्यायचा नाही, कारण मंजूर झालेला राजीनामा मागे घेणं बहुतेक ठिकाणी मालकाच्या मर्जीवर असतं. ज्यांना थेट रिपोर्ट करता त्यांना आधी तोंडी सांगा, त्याच दिवशी लेखी द्या. कागदावर दिला तर दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. मेल केली तर स्वतःच्या खासगी पत्त्यावर प्रत ठेवा, कारण ऑफिसचं खातं शेवटच्या संध्याकाळी बंद होतं आणि पुरावा त्याच खात्यात अडकतो. (प्रत फक्त या पत्राची. कंपनीच्या बाकीच्या फायली खासगी पत्त्यावर पाठवल्या की वेगळंच लफडं मागे लागतं.) ऑनलाइन प्रणालीत अर्ज भरायचा असेल तर तिथे निवडलेलं कारण आणि तिथे दिसणारी शेवटची तारीख पत्राशी जुळते का ते बघा. प्रणाली तारीख स्वतःच काढते आणि ती नेहमी तुमच्या मोजणीशी जुळेल असं नाही.

संस्था, मंडळ, समितीचा राजीनामा देत असाल तर पदाचा देताय की सभासदत्वाचा, हे लिहा. नुसतं «राजीनामा देत आहे» म्हटलं तर दोन्ही जातात असा अर्थ काढला जाऊ शकतो. बँकेत सहीचा अधिकार असेल तर तो काढून घेण्याची विनंतीही त्याच पत्रात करा. नाहीतर पद जातं आणि सहीची जबाबदारी मागे राहते.

आता दोन्ही पत्रं जिथे एकमेकांना भिडतात ती जागा. राजीनामा म्हणजे कागदोपत्री स्वखुशीने सोडलेली नोकरी. त्यानंतर दोन महिन्यांनी हप्त्यात सवलत मागायला गेलात की पहिला प्रश्न येतो: नोकरी गेली की सोडली? कर्जाच्या हप्त्यांचा विमा काढलेला असला तरी त्यात आपणहून दिलेला राजीनामा सहसा बसत नाही. जिथे बेरोजगारांना सरकारी भत्ता मिळतो तिथेही आपणहून सोडणाऱ्याला अनेकदा तो उशिरा मिळतो किंवा मिळतच नाही. घरात कर्ज असेल आणि कंपनी कपात करणार अशी कुणकुण असेल, तर घाईने राजीनामा देण्याआधी कपातीचं पत्र मिळणं आपल्या सोयीचं आहे का, याचा हिशेब मांडा. मदतीच्या अर्जाला जोडायला ते पत्र राजीनाम्यापेक्षा कितीतरी वजनदार ठरतं.

मदतीच्या अर्जाचा नमुना उघडला की साधारण असं दिसतं: «सध्या मी अत्यंत बिकट आर्थिक परिस्थितीतून जात असून आपण सहानुभूतीपूर्वक विचार करून सहकार्य करावे.» हे वाचणाऱ्याने करायचं काय? किती रक्कम, किती महिने, कशासाठी, यातलं काहीच नाही. तो अर्ज बाजूला पडतो. वाचणारा निर्दय असतो असं नाही, त्याच्याकडे मंजुरीसाठी भरायचा एक फॉर्म असतो आणि त्यातल्या चौकोनांत घालायला तुमच्या अर्जात काही सापडत नाही. आपला अर्ज म्हणजे त्या चौकोनांची उत्तरं.

उत्तरं काढायला आधी एक कोरा कागद घ्या. वर महिन्याची मिळकत, पूर्वीची आणि आताची. खाली टाळता न येणारा खर्च: भाडं, किराणा, वीज, औषधं, प्रवास, शाळा. मग उरतं किती आणि हप्ता किती. समजा मिळकत ४०,००० ची २४,००० झाली, खर्च १८,००० आहे आणि हप्ता ११,०००. उरतात ६,०००. मग देऊ करायचे ५,०००, सगळे ६,००० नाही. एका महिन्यात औषधाचं बिल वाढलं की कबूल केलेली रक्कम चुकते, आणि सवलतीतला हप्ता चुकला की दुसरी सवलत मिळणं फार अवघड जातं. विषयाच्या ओळीतच मागणी लिहा: «कर्ज खाते क्र. …… : मे ते ऑगस्ट या चार महिन्यांसाठी हप्ता ११,००० ऐवजी ५,००० करण्याबाबत». मग मजकूर:

«शस्त्रक्रियेमुळे १० एप्रिलपासून मी कामावर नाही. या काळात पगाराच्या ६० टक्के रक्कम मिळत असल्याने महिन्याची मिळकत ४०,००० वरून २४,००० वर आली आहे. घराचा आवश्यक खर्च १८,००० आहे (तपशील सोबत). डॉक्टरांच्या पत्रानुसार १ सप्टेंबरपासून मी कामावर रुजू होऊ शकेन. मे ते ऑगस्ट दरमहा ५,००० भरण्याची माझी तयारी आहे. सप्टेंबरपासून पूर्ण हप्ता भरेन. या चार महिन्यांत कमी भरले जाणारे २४,००० व त्यावरील व्याज कर्जाच्या मुदतीच्या शेवटी घ्यावे, ही विनंती.»

यात दुःखाचं एकही विशेषण नाही, तरी परिस्थिती कळते. सगळ्यात जास्त काम करणारं वाक्य सप्टेंबरचं आहे. अडचण तात्पुरती आहे आणि ती कधी संपणार, हे देणाऱ्याला कळलं की सवलत देणं त्याला सोपं जातं. अडचण कायमची असेल, समजा कमावतं माणूस गेलं किंवा धंदा बंद पडला, तर चार महिन्यांची सवलत मागणं म्हणजे संकट चार महिने पुढे ढकलणं. तिथे मुदत वाढवून हप्ता कायमचा कमी करून मागावा.

सवलतीचे प्रकार समजून मग मागा, कारण नमुन्यात जे लिहिलं असेल तेच मागितलं जातं. हप्ते पुढे ढकलले तरी व्याज थांबत नाही. ३,००,००० मुद्दल बाकी आहे आणि वर्षाला १२ टक्के व्याज महिन्याच्या हिशेबाने लागतंय असं धरा. तीन महिने काहीच भरलं नाही तर बाकी ३,०९,०९० होते. त्याच तीन महिन्यांत नुसतं व्याज, म्हणजे दरमहा ३,०००, भरत राहिलात तर मुद्दल आहे तिथेच राहतं. जमत असेल तर हा दुसरा मार्ग मागावा असं माझं मत आहे, पण नमुन्यांमध्ये तो फारसा दिसत नाही. दंडव्याज माफ करून मागणं ही वेगळी मागणी, ती वेगळ्या वाक्यात लिहा. आणि ठरावीक रक्कम घेऊन खातं मिटवण्याची तडजोड अगदी शेवटी. तिची नोंद पत-अहवालात (तुम्ही कर्जं कशी फेडलीत याची नोंद असलेला, नवं कर्ज देणारे बघतात तो अहवाल) पूर्ण फेड म्हणून होत नाही, तडजोडीने बंद अशी होते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी ती आडवी येते.

अर्ज करायचा केव्हा? पहिला हप्ता चुकण्याआधी. लोक लाजेपोटी थांबतात आणि नुकसान तिथेच होतं. हप्ता चुकण्याआधी तुमचा अर्ज ग्राहक म्हणून वाचला जातो. दोन-तीन हप्ते थकल्यावर तोच अर्ज वसुलीच्या टेबलावर जातो, तोवर दंड चढलेला असतो आणि पत-अहवालात उशिराची नोंद पडलेली असते.

उलट, फार जुनं आणि वर्षानुवर्षं कोणी न मागितलेलं देणं असेल तर नमुना भरून पाठवायची घाई नको. बऱ्याच देशांच्या कायद्यात देणं वसूल करायला दावा लावण्याची मुदत असते, आणि मुदत संपण्याआधी तुम्ही सहीनिशी देणं कबूल केलंत तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. «माझ्याकडे आपली बाकी आहे हे मला मान्य आहे» हे नमुन्यातलं नम्र वाक्य तिथे फार जड पडतं. आधी सल्ला, मग पत्र.

अर्जासोबतचे कागद मजकुराइतकेच महत्त्वाचे. शस्त्रक्रिया म्हटलं की डॉक्टरांचं पत्र, त्यात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काम करता येणार नाही एवढं असलं की बास. पूर्ण वैद्यकीय फाइल देऊ नये, ती कोणाकोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. पगार कमी झाला म्हटलं की आधीची आणि नंतरची पगारपत्रकं. खर्चाचा तपशील म्हटलं की बँकेचा तीन ते सहा महिन्यांचा उतारा. मूळ कागद कधीच नाहीत, फक्त प्रती, आणि प्रत्येकीवर क्रमांक घालून अर्जाच्या शेवटी त्याच क्रमाने यादी. अर्जात मिळकत २४,००० आणि उताऱ्यात जमा २६,५०० दिसत असेल तर ते अडीच हजार कसले, हे आपणच एका ओळीत सांगून टाका. त्यांनी विचारलं की शंका, आपण सांगितलं की खुलासा. दोन-तीन ठिकाणी अर्ज करत असाल तर सगळीकडे आकडे तेच हवेत. शाळेला सांगितलेला खर्च आणि बँकेला सांगितलेला खर्च वेगळा निघाला तर दोन्हीकडचा विश्वास जातो.

मजकूर मात्र सगळीकडे तोच चालत नाही. बँकेला परतफेडीची योजना हवी असते. घरमालकाला तारीख हवी असते: या महिन्यात अर्धं, बाकीचं अमुक तारखेला. शाळा किंवा धर्मादाय संस्था परतफेड मागत नाही, तिला बहुधा हे बघायचं असतं की गरज खरी आहे आणि दुसरीकडून काय मिळालंय. तिथे आधी मिळालेली मदत लपवू नका. मालकाकडे पगाराची उचल मागत असाल तर रक्कम आणि दरमहा किती कापून घ्यायची, एवढ्या दोनच गोष्टी लिहिल्या तरी अर्ज पुरा होतो.

पैसे घेऊन «हमखास मंजूर होणारा» अर्ज लिहून देणारे भेटतात. हमी देणं त्यांच्या हातात नसतं. अर्ज लिहायला कोणालाही खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी लागत नाही. तो मागितला की तिथून उठायचं.

पाठवण्याआधीची शेवटची झाडाझडती दोन्ही पत्रांना सारखीच. फाइलमध्ये चौकटी कंस आणि ओळीने आलेली टिंबं शोधा, नमुन्यातली रिकामी जागा तिथेच राहून गेलेली असते. «करतो» आणि «करते» एकाच पत्रात आलेत का बघा, नमुना एकाने लिहिलेला आणि सही दुसऱ्याची असली की हे हमखास होतं. महोदय की महोदया, तेही. फाइलचं नाव «नमुना_अर्ज_नवीन_२» असेल तर बदला आणि पीडीएफ करून पाठवा. वर्डच्या फाइलमध्ये मूळ लिहिणाऱ्याचं नाव आणि खोडाखोड दोन्ही राहू शकतात. संगणकाकडून पत्र लिहून घेतलं असेल तर प्रत्येक तपशील पुन्हा वाचा, कारण तो रिकाम्या जागेत टिंबं न ठेवता कल्पनेने काहीतरी छान भरून ठेवतो, आणि सहीखाली ते तुमचं निवेदन होतं.

फोनवर «होऊन जाईल» असं कोणी म्हणालं तर बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ टिपून घ्या आणि त्याच दिवशी «आज झालेल्या बोलण्यानुसार…» अशी दोन ओळींची मेल टाका. लेखी मंजुरी येईपर्यंत जुनाच हप्ता देय असतो, निदान जेवढा जमेल तेवढा भरत राहा. मंजुरी आली की ती शेवटपर्यंत वाचा: सवलत कुठल्या महिन्यापासून, ढकललेली रक्कम मुदतीच्या शेवटी की एकदम सप्टेंबरात, दंड लागणार का, पत-अहवालात काय नोंद जाणार. आणि खात्यातून हप्ता आपोआप कापला जाण्याची सूचना दिलेली असेल तर ती कमी रकमेची झाली का, हे वेगळं विचारा. ती आपोआप बदलली असेल असं धरून चालू नये. नाहीतर मंजुरीचं पत्र हातात असतानाच पाच तारखेला जुने ११,००० मागितले जातात, खात्यात तेवढे नसतात, आणि हप्ता न वटल्याचा दंड खातं असलेली बँक आणि कर्ज देणारा, अशा दोन्हीकडून लागतो.